काढून ठेवलेले ब्रेक

धक्का तसा फार नव्हता. केबिनमध्ये पुढ्यात ठेवलेली पाण्याची बाटली आडवी झाली, पाठीत कुणीतरी खांद्याने रेटावं तसा परशुराम स्टिअरिंगवर गेला, आणि गाडी उभी राहिली. कणकवलीत, उड्डाणपुलाखालच्या चौकात, भर दुपारी. बंपरपासून हातभर अंतरावरून एक म्हातारी ओल्या काजूंची टोपली डोक्यावर सावरत रस्ता ओलांडत होती. तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. टोपली दिसताक्षणी परशुरामने ब्रेक दाबला होता आणि घोडा थांबलाही होता. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला हे लोक घोडा म्हणतात. पण मागचा ट्रेलर थांबला नव्हता. तो येतच राहिला होता. रिकामा होता तरी कित्येक टन लोखंड ते, त्याने घोड्याला मागून ढकलत पुढे नेलं आणि मग आपल्याला वाटलं तेव्हा थांबला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला. म्हातारी पलीकडे गेली, पुलाच्या सावलीत टोपली उतरवून बसली आणि पदराने मान पुसायला लागली. झालं काहीच नव्हतं. चौकात शंभर माणसं असतील, त्यांतल्या एकालाही कळलं नव्हतं की आत्ता इथे काय व्हायचं राहिलं. परशुरामच्या मस्तकात तिडीक गेली होती. माणूस मेलं असतं तर निदान लोक ओरडले तरी असते. गाडी फोडली असती, त्याला खाली ओढून बडवला असता, पण ट्रेलर मागून ढकलतो हे त्याच्या तोंडचं वाक्य निदान कुणीतरी ऐकून घेतलं असतं.

त्याने गाडी कडेला घेतली आणि भाईला फोन लावला. भाई म्हणजे थोरला भाऊ, ट्रेलरचा मालक. "भाई, ट्रेलर मागसून ढकलता. आता एक म्हातारी गावली असती गाडीखाली." पलीकडे भाई काहीतरी चघळत होता. "गावली?" "नाय." "मगे? काय झाला नाय ना?" "काय झाला नाय." "मगे फोन कित्याक केलंस? नांदगावाक नुरुद्दीनाकडे ने, दाखय तेका. सांजेक पोकलेन चडवचो आसा. उद्या सकाळी जामसंड्याक पोचाक व्हयो, मी शब्द दिलंय." फोन बंद. काय झाला नाय. हे तीन शब्द परशुरामने दिवाळीपासून इतक्या वेळा ऐकले होते की आता कुणी ते उच्चारले की त्याच्या दाढा आपोआप आवळल्या जायच्या. ओरोसच्या वळणावर ट्रेलर घसरून कुंपणाला घासला, काय झाला नाय. खारेपाटणच्या उतारावर एस.टी.च्या मागच्या काचेतल्या पोराचे दात दिसण्याइतकी गाडी जवळ गेली, काय झाला नाय. या घरात एखादी गोष्ट खरी ठरायला प्रेतच पडावं लागत होतं, आणि प्रेत पडलं की मग 'नशीब' म्हणायचं, झालं.

नांदगावपर्यंत त्याने गाडी पायी चालल्यासारखी नेली. मागून वाहनं शिव्या देत पुढे जात होती. त्याचं सगळं लक्ष उजव्या पायात होतं. ब्रेकच्या पट्टीवर बुटाचा तळ टेकतो तो त्याला कळत होता का? कळत होता. की कळत होता असं वाटत होतं? उरणला बंदरात कंटेनर ओढायची नोकरी होती, तिथल्या डॉक्टरने रक्तात साखर सापडल्यावर त्याला टेबलावर झोपवून तळपायाला कसलीशी बोथट सुई टोचली होती आणि विचारलं होतं, "कळतंय?" एका जागी परशुराम जरा थांबला. म्हणजे नक्की कळलं होतं, पण डॉक्टरचा चेहरा इतका गंभीर होता की उत्तर बरोबर यावं म्हणून तो थांबला. तेवढ्या थांबण्यावर डॉक्टरने कागदावर काहीतरी खरडलं, आणि कंपनीने नारळ दिला. गावी आला तेव्हा भाईने पाठीवर थाप मारून म्हटलं, आपलो ट्रेलर आसा ना. उपकार होते, नाही कसे म्हणणार? पण पहिल्याच आठवड्यात परशुरामने ब्रेक उशिरा लागतो म्हणून सांगितलं तेव्हा भाईने आधी त्याच्या पायाकडे पाहिलं. ट्रेलरकडे नाही, पायाकडे. "ब्रेक बरे आसत रे. नुरुद्दीनान आताच केल्यानी. तुझ्या पायाक समाजणा नाय. साखर पायात उतारली काय असांच होता." आणि मग चारचौघांत, चहाच्या टपरीवर, डोळा घालून, "नाचूक येना नाय, आंगण वाकडा!" माणसं हसली. परशुरामही हसला होता. आपण हसलो होतो हे आठवून आता, केबिनमध्ये एकटाच असताना, त्याचे कान तापले. वाईट हे की त्या दिवसापासून त्याचा स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला होता. चपलेत खडा गेला तरी तो आधी खूश व्हायचा, कळला म्हणून. रोज सकाळी पडवीत बसून तो डोळे मिटायचा आणि शेवंती, त्याची बायको, खराट्याची एक हीर घेऊन त्याच्या तळपायाला टोचायची. "आता खंय लागता सांगा." "आंगठ्याक." "आता?" "टाचेक." मधूनच ती लबाड बाई टोचायचीच नाही आणि विचारायची, आता? तो घाम फुटेपर्यंत विचार करून म्हणायचा, खंयच नाय. बरोबर यायचं. रोज बरोबर यायचं. आणि तरी दुपारी कुठल्यातरी उतारावर तो ब्रेकनंतरही दोन हात पुढे ढकलणारा ट्रेलर यायचा आणि सकाळची सगळी परीक्षा नापास करून टाकायचा.

नुरुद्दीनचं गॅरेज हमरस्त्याला लागूनच, आंब्याखाली. हा नुरुद्दीन मनाने वाईट नव्हे, पण गिऱ्हाईक जेवढं सांगेल तेवढंच करायचं आणि विचारेल तेवढंच बोलायचं असा त्याचा बाणा. एकाला घड्याळ दुरुस्त करून दिलं तर त्यात वाजले किती हेही तो सांगणार नाही. परशुरामने उतरल्या उतरल्या आवाज चढवला. "आज ह्येचो काय तो निकाल लागाक व्हयो, नुरुद्दीन. नाय तर मी ही गाडी हयसरच पेटवतंय." नुरुद्दीनने पान थुंकलं, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि काम सुरू झालं. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक ते; घोड्यातून हवा नळीने मागे जायची, मागच्या तीन एक्सलांवर प्रत्येक चाकापाशी बूस्टर नावाचा डबा, त्या डब्यातला दांडा हवेने पुढे सरकायचा आणि ड्रमच्या आतले दोन अर्धगोल शू फाकून ड्रमला धरायचे. नुरुद्दीन एकेक जोड साबणाच्या पाण्याने पुसत गेला आणि परशुराम पाठोपाठ वाकून बुडबुडे शोधत गेला. एक सापडला. परशुरामला केवढा आनंद झाला! जोड आवळला, गाडी हातभर पुढे घेऊन ब्रेक मारला, तर ट्रेलर तसाच अंगावर आला. हवेच्या टाकीचं बूच काढलं, तांबडं पाणी भळाभळा आलं. परशुराम म्हणाला, ह्याच. ते नव्हतं. हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह उघडला, त्यात गंज आणि खारवट पांढरी पूड. परशुरामने तो स्वतः रॉकेलमध्ये बसून घासला, नखं काळी होईपर्यंत. तेही नव्हतं. प्रत्येक वेळी दोष सापडला म्हणून तो फुलायचा आणि प्रत्येक वेळी गाडी पुढे घेतली की परत तोच धक्का, पाठीत खांदा. तिसऱ्या खेपेला नुरुद्दीनने त्याच्या बुटाकडे नजर टाकली. अगदी क्षणभर. "माझ्या पायाकडे काय बघतंस? तू बस वर. तू मार ब्रेक!" नुरुद्दीन गुपचूप केबिनमध्ये चढला, परशुराम मागे चाकांशी उकिडवा बसला. "मार!" फस्स करून दांडा बाहेर आला. चांगला लांब आला, गरजेपेक्षा जास्तच लांब. "सोड! मार!" पुन्हा तसाच. हवा येत होती, दांडा चालत होता. पण त्याच्या चालण्यात कुठे थांबणं नव्हतं. एखादा माणूस तावातावाने बोलत असावा आणि समोर कुणीच नसावं, तसा तो दांडा जात-येत होता.

मग नुरुद्दीनने पान्हा घेतला आणि मधल्या एक्सलाच्या अ‍ॅडजस्टरला लावला. हा आवळत गेलं की शू ड्रमच्या जवळ जातात, आणि मग एका जागी पान्हा अटकतो. तिथून थोडा मागे घ्यायचा. नुरुद्दीन आवळत गेला. आवळत गेला. "फिरतंय फिरतंय, पण अटकणाच नाय रे हो," तो म्हणाला. "शूवरचे लायनर घासान बोडके झाले असतीत." परशुरामने पान्हा त्याच्या हातून हिसकावला आणि स्वतः फिरवला. पान्हा गोल फिरला, परत गोल फिरला, लोण्यातून फिरावा तसा. हाताला काहीच लागत नव्हतं. त्याला एकदम भीती वाटली, आता हातसुद्धा? पण नाही, पान्ह्याचं गार लोखंड नीट लागत होतं, तळव्यातला जुना घट्टा चुरचुरत होता. लागत नव्हतं ते पान्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे लागण्यासारखं काही नव्हतंच. "ड्रम काढ," तो म्हणाला. नुरुद्दीन कुरकुरला, सांज होईत, भाईन पोकलेन चडवचो म्हटलेलो आसा. "काढ म्हणतंय मी!"

जॅक लागला, चाकं उतरली, गंजलेला ड्रम घणाचे घाव खाऊन शेवटी सुटला आणि दोघांनी मिळून बाहेर ओढला. आत काहीच नव्हतं. शू झिजलेले नव्हते, बोडके नव्हते, तेलकट नव्हते, शू नव्हतेच. नुसती पोकळी, मध्ये अंग चोरून उभा असलेला एक्सल, आणि मागच्या पत्र्यावर कुंभारीण माशीने बांधलेलं मातीचं घर. तिचा संसार अगदी व्यवस्थित होता. तिथे कधी ऊब लागलीच नव्हती, तर तिला कोण उठवणार? "या अल्ला," नुरुद्दीन पुटपुटला. परशुरामने पोकळीत हात घातला, पार कोपरापर्यंत, आणि आतून फिरवला, न जाणो दिसत नसतील. मग हात बाहेर काढून पँटला पुसला. त्याच्या छातीत काहीतरी इतक्या जोराने वर आलं की त्याला वाटलं आपल्याला हसू येतंय. पाय बरा होता. एवढंच पहिल्यांदा मनात आलं: पाय बरा होता, पाय पहिल्यापासून बरा होता, खारेपाटणला बरा होता, टपरीवर सगळे हसले तेव्हाही बरा होता. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ, त्याला ढकलत, हातभर पुढे नेत, राग आला. शेवटच्या एक्सलाच्या ड्रमला त्याने नुरुद्दीनला हात लावू दिला नाही. घण स्वतः घेतला. तोही रिकामा.

भाई आला तो मोटारसायकलवर मितेशला मागे बसवून. मितेश त्याचा मुलगा, तिशीला टेकलेला, अंगाने बापासारखा आणि बोलण्याने कमी. बापाने सांगितलेलं अक्षरशः करणारा. इतका आज्ञाधारक की लोक त्याचं कौतुक करायचे. परशुरामने भाईला दंडाला धरून ड्रमसमोर उभं केलं. "बघ. हो माझो पाय." भाई वाकला, बघितलं, सरळ झाला. "शू खंय गेले?" त्याने नुरुद्दीनला विचारलं. नुरुद्दीनने हात वर केले. तेव्हा मितेश सहज म्हणाला, "काढून ठेवलंय ना मी." तिघंही त्याच्याकडे बघायला लागले. "गेल्या पावसात. पप्पांनीच सांगितलेला. फोनार. ट्रेलर देवगडाक खाडीर उभो होतो तेव्हा. म्हणाले, ब्रेक काढून ठेय."

आता हे समजायला खाडीवरचा माणूस पाहिजे. ट्रेलर मूळचा होड्या ओढणारा. होडी घ्यायला तो मागे मागे खाऱ्या पाण्यात उतरवतात, ड्रममध्ये खारं पाणी जातं, आणि अशा गाडीला ब्रेक लावून रात्रभर उभी केली की शू ड्रमला गंजून चिकटतात, मग देव आला तरी चाक फिरत नाही. म्हणून किनाऱ्यावरची रीतच ती: गाडी उभी केली की चाकांखाली दोन चिरे लावायचे आणि ब्रेक सोडून द्यायचा. त्याला म्हणतात ब्रेक काढून ठेवणं. खाडीवरचं शेंबडं पोरसुद्धा त्याचा दुसरा अर्थ करणार नाही. पण मितेश वाढला कणकवलीत, हमरस्त्यावर. त्याने खाडी पाहिली ती भाजलेला मोरी मासा खायला गेला तेव्हा. बापाने काढून ठेव म्हटलं, त्याने काढून ठेवले. भर पावसात, चिखलात पाठीवर झोपून, सहाच्या सहा चाकांचे. ड्रम परत नीट बसवले, पुसलेसुद्धा असतील. "माका वाटला गंजतीत म्हणान सांगतत," तो म्हणाला. "पोत्यात घालून थंयच शेडीत ठेवलंय."

आणि दिवाळीला भाईने नुरुद्दीनला सांगितलं, पुढच्या एक्सलाचे ब्रेक कर. नुरुद्दीनने पुढचा ड्रम उघडला, आत शू नव्हते; त्याला वाटलं लायनर भरायला काढले असतील. त्याने नवे घातले. बाकीच्या दोन एक्सलांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. भाईला वाटलं ब्रेक झाले. कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं, आणि त्या सगळ्या चोख कामांची बेरीज म्हणजे ही कुंभारणीची माती.

"मेल्या, मी काढून ठेय म्हटलंय, काढून घे म्हटलंय?" भाई म्हणाला. "काढूनच ठेवलंय," मितेश म्हणाला, "पोत्यात." आणि भाई हसला. आधी नाकातून, मग पोट धरून. नुरुद्दीनने तोंडावर हात धरला पण त्याचे खांदे हलायला लागले. शेवटी मितेशही हसला, लाजून. परशुराम बघत राहिला. त्यांच्या हसण्यात त्याला पुढचं सगळं ऐकू यायला लागलं होतं: उद्या टपरीवर ही गजाल होणार, परवा लग्नात कुणीतरी विचारणार, मितेशान ब्रेक काढून ठेवल्यानी ती गोष्ट सांग मरे, वर्षानुवर्षं सांगितली जाणार, आणि त्या गोष्टीत म्हातारी नसणार. एस.टी.च्या काचेतलं पोर नसणार. परशुराम असलाच तर, दिवाळीपासून बिनब्रेकाचो ट्रेलर चालवल्यान पण ह्येका कळला नाय, एवढाच असणार. "हसतंस काय?" तो किंचाळला. "माणसां मेली असती, भाई! माका सगळ्यांनी आंधळो ठरवलास, पांगळो ठरवलास! माका कळत होता! माझ्या पायाक कळत होता!" भाईने डोळे पुसले. "कळला रे बाबा. बरो पाय तुझो. झाला आता?" लहान मुलाच्या हातावर बत्तासा ठेवावा तसं त्याने ते म्हटलं.

मग हिशेबाची वेळ आली. नवे शू कोल्हापूरहून यायचे, उद्या ते मिळायचे नाहीत. जुने पोत्यातले शेडवाल्याने केव्हाच भंगारात घातले होते, मितेशने फोन करून विचारलं. परशुराम म्हणाला, म्हणजे उद्या गाडी जात नाही. भाईने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलला. "पुढचो एक एक्सल आसा ना? तेच्यारच तर दिवाळीपासून चालता. काय झाला?" "तेव्हा रिकामी होती, नाय तर हलको माल होतो! पोकलेनाचा वजन काय, जामसंड्याचो उतार कसो, खाली बाजार, शाळा—" "हळू नेवची. मी शब्द दिलंय." "मी नेवचंय नाय." "नको नेव. मितेश नेतलो." परशुरामने पुतण्याकडे पाहिलं. मितेश पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. "काय रे, नेतलंस तू?" "पप्पा सांगतत तर नेतलंय, काका. हळू नेतलंय." ही पोरं अशी वाढवली आम्ही, परशुरामच्या मनात आलं, विहिरीत उडी मार म्हटलं तर पोहरा घेऊ काय विचारतील. नुरुद्दीनने रिकामे ड्रम परत चढवले. नट आवळले. चांगले घट्ट आवळले.

घरी आल्यावर तो जेवला नाही. शेवंतीला काय झालं ते सांगितलं, पण बोलण्यात इतके फाटे फुटले की तिला एवढंच कळलं की दोष गाडीत निघाला, पायात नाही. तिचा चेहरा उजळला. बिचारी सवयीने कोपऱ्यातली हीर घेऊन आली, आज नीट बघू, म्हणाली. परशुरामने ती हीर तिच्या हातातून ओढून मोडली आणि अंगणात भिरकावली. "बरो आसा पाय माझो! सगळ्यांका दाखवन देवचो लागतलो काय?" ती हळूच म्हणाली, "मगे पायाक नाय तर खंय लागता, ता तरी सांगा." तो पडवीत बसून राहिला. पोलिसांत जावं? काय सांगायचं, सख्ख्या भावाविरुद्ध? की साहेब, अजून काही झालं नाही? साहेबही तेच म्हणणार. त्याच्या डोळ्यांसमोर जामसंड्याचा उतार येत होता आणि त्यावर मितेश. ब्रेक दाबल्यावर पोरगा आधी गोंधळेल, मग जोराने दाबेल, मग दोन्ही पायांनी. बापाने सांगितलं तसं हळूच नेत असेल तो. पण मागे पोकलेन बसलेला असताना हळू म्हणजे काय ते ट्रेलर ठरवतो. या घरात भाईचा शब्द मोडायची रीत नव्हती. बाप गेल्यापासून भाईच बाप. त्याच शब्दाने परशुराम शाळेतून निघाला होता, उरणला गेला होता, शेवंतीला पाहिलं होतं. राग येत होता तो भाईचाच की स्वतःच्या या मऊ पाठीच्या कण्याचा, हे त्याला ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही म्हणून तो आणखी चिडत गेला.

सकाळी तो गेलाच. कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. देवगडचा रस्ता जिथे फुटतो तिथे वेशीवरच्या देवाचा पाषाण आहे. अवजड माल निघायचा असला की भाई तिथे गाडी थांबवून गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं. ट्रेलर उभा होता, वर साखळ्यांनी बांधलेला पिवळा पोकलेन मान दुमडून बसलेला. मितेश केबिनमध्ये, अंघोळ केलेला, कपाळाला गंध. पोकलेनचा ऑपरेटर, त्याचे दोन सोबती, नुरुद्दीन, रस्त्याने जाता जाता थांबलेले दोन-चार गाववाले, सगळे हात जोडून उभे. परशुराम मितेशच्या दाराशी गेला. "उतार खाली," तो म्हणाला. मितेशने बापाकडे पाहिलं आणि तो उतरला नाही. तेवढ्यात भाईने नारळ उचलून सुरुवात केली, आणि गाऱ्हाणं सुरू झाल्यावर मध्ये बोलायचं नसतं. परशुरामनेही हात जोडले. हात आपोआप जोडले गेले.

"बा देवा वेशीवरल्या म्हाराजा! आज तुझी ही लेकरां गाडी घेवन जामसंड्याक निघालीत..." "होय म्हाराजा," सगळे म्हणाले. "तुझ्या पायाकडे हो नारळ ठेवतत, तो गोड मानून घे..." "होय म्हाराजा." परशुरामही म्हणत होता, लहानपणापासून म्हणत आला होता. घरातलं लग्न, नवी विहीर, कोर्टाची तारीख, प्रत्येकाला तो होय म्हणत आला होता. गाऱ्हाण्यात होकाराशिवाय दुसरं काही म्हणता येतं हे त्याच्याच काय, त्या रस्त्यावरच्या कुणाच्याही स्वप्नात आलं नसतं. "गाडीक कोणाची वाकडी नजर लागलेली आसात, कोणी घरातल्यान आडो शब्द काढलेलो आसात, तो बाजूक कर..." "होय म्हाराजा." घरातल्यान. आडो शब्द. "आणि जशी दिवाळीपासून ही गाडी सांभाळलंस, काय एक होवक दिलंस नाय, तशीच आज सांभाळ रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

त्याने मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण बाकीच्यांचं होय अर्ध्यावर तुटलं. भाई नारळ हातात धरून वळला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. परशुरामने भावाला इतका भ्यालेला कधी पाहिला नव्हता. "काय बोललंस तू ह्या?" "नाय म्हटलंय. नाय म्हाराजा. नाय!" गाववाल्यांतला एकजण पाषाणाकडे बघत दोन पावलं मागे सरला. पोकलेनवाला म्हणाला, भाईनु, आमी नाय येवचे ह्या गाडीबरोबर. आणि मितेश केबिनमधून उतरला. कुणी न सांगता उतरला, दार लावून घेतलं आणि ट्रेलरपासून लांब जाऊन उभा राहिला. "ही गाडी आता हलवची नाय," भाई म्हणाला. "देवाचो कौल घेतल्याशिवाय हलवची नाय. जामसंडेवाल्यांका मी काय ता सांगतंय."

झालं. गाडी थांबली. जे व्हायला पाहिजे होतं ते झालं, आणि परशुरामला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याचा राग आत्ता कुठे तळापासून उकळायला लागला. काल याच माणसांच्या नाकासमोर तो पोकळ ड्रम धरला होता. आत हात घालून दाखवला होता. तेव्हा हसले होते. "ड्रम बघून थांबल्यात नाय!" तो ओरडला. "माणसां मरतीत म्हणान थांबल्यात नाय! आणि आता—" त्याने मितेशचा खांदा धरून गदागदा हलवला. "तू सांग! तू कित्याक उतारलंस? ब्रेक नाय म्हणान उतारलंस काय?" मितेशने नजर चुकवली आणि काकाचा हात खांद्यावरून हळूच, आदराने, बाजूला केला.

भाई पाषाणाकडे वळला. त्याने नारळ परत दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि कापऱ्या आवाजात नवं गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या तोंडातसून अडाणपणान वेडोवाकडो शब्द गेलो. तो आजारी माणूस आसा. तेची चूक पोटात घाल, तेका सुबुद्धी दी, तेच्यार कोप करू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मितेशचा आवाज सगळ्यांत मोठा होता.